गुळगुळीत झालेली धार

रायनो माझा मेहुणा. दर शुक्रवारी तळलेली मासळी खायला तो गुत्त्यापर्यंत स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, हाणायचा, आणि शेवटचा टप्पा तर बर्फ साफ केलेल्या डांबरी रस्त्यावरूनसुद्धा. गाडीच्या पुढच्या दोन स्कीखालच्या पट्टीत कार्बाइडची कठीण धार असते. ती बर्फात रुतली तरच गाडी वळते. रायनोची धार डांबराने पार चाटून टाकली होती. त्यात यंदा त्याने गाडी ढकलणाऱ्या मागच्या फिरत्या पट्ट्याला नवे कोरे खिळे ठोकलेले.

"अरे, मागून एवढा रेटा आणि पुढे पकड नाही. सरळच पळेल ही," मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही मागे बसता ना? मग मागचंच बघा."

त्या दुपारी वाऱ्याने तळ्यावरचा भुसभुशीत बर्फ झाडून नेला होता. खाली गोठलेलं तळं, नुसती काळी काच. आम्ही भन्नाट निघालो. समोर नदी तळ्यात शिरते तिथे उघडं पाणी वाफाळत होतं.

"वळव!"

"वळवलंय!"

स्की वळल्या होत्या. गाडी मात्र नाकासमोर.

"ब्रेक मार!"

"नेमके पाण्याच्या कडेला थांबू! तिथे बर्फ पापडासारखा पातळ आहे!" रायनो ओरडला. "धरून बसा, पाण्यावरून उडवतो!"

एकटा असता तर उडवलीही असती. पण मागे मी होतो, आणि माझ्या वजनाबद्दल गावात दुमत नव्हतं.

मी त्याच्या खांद्यावर पाय दिला, डोक्यावरून पलीकडे गेलो आणि बॉनेटवर धपकन बसलो.

"दाजी, दिसत नाही मला!"

"बघण्यासारखं काही नाही! वळव!"

गाडीचं नाक दबलं. उरलीसुरली धार करकरत बर्फात घुसली. गाडी अशी गर्रकन फिरली की शेपूट पाण्यावरून गेलं आणि अर्धी नदी माझ्या अंगावर आली.

तळ्याच्या काठावर पोचलो. मी उतरायला गेलो, तर उतरता येईना. बॉनेटला गोठून चिकटलो होतो.

तसाच गावातून मिरवत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानापाशी गेलो. दुकानवाली हिल्मा बाहेर आली.

"नव्या पट्ट्या दे," रायनो पुटपुटला.

"आणि पुढे बसवलेलं हे जुनं काढू का?"

तिने आधी पट्ट्या बसवल्या, मग गरम पाणी ओतून मला सोडवलं. क्रम बरोबर होता, असं रायनो आजही म्हणतो.