साबणावरचा ठसा

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. दाराला कुलूप लागलं की माणसं निर्धास्त होतात. मला मात्र कोणी लावलं की धास्ती वाटते.

कारखान्यात मी घडलो, पण माझ्यात जीव घातला तो किल्लीवाल्या काकांनी. भंगारातून उचलून त्यांनी मला नवी स्प्रिंग बसवली आणि आपल्या टपरीसमोरच्या खोलीला लावलं. तिथे त्यांची बायको, वस्तीची काकू, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायची. वस्तीतली घरं एका खोलीची. त्यातच चूल, शिलाई मशीन, आजारी आजोबा. वही उघडायला जागा नसे. काकू दार उघडून मला खिडकीत ठेवायची आणि मी पाढे ऐकत पडून राहायचो.

मग काकू गेली. वस्तीचे अध्यक्ष म्हणाले, "पोरं दंगा करतात, चोऱ्याही वाढल्यात. खोली बंदच बरी." काकांनी नुसती मान डोलावली आणि मला दाराला लावलं. तेव्हा त्यांना जेवायचंही सुचत नव्हतं.

मुलं माझ्याखालच्या पायरीवर बसू लागली. तिथे एक मोटारसायकलवाला यायचा. कुणाला चहा पाजायचा, कुणाच्या हातात नवा मोबाइल द्यायचा. एकेक जण त्याच्यामागे बसून जाऊ लागला आणि हळूहळू पायरी रिकामी झाली. एकाला तर पोलीस माझ्यासमोरून घेऊन गेले.

लांबू ही काकूची लाडकी विद्यार्थिनी. खोली बंद झाल्यावर ती गणितात नापास झाली, शाळा सुटली आणि ती एका बंगल्यावर कामाला लागली. तिथल्या तिच्याच वयाच्या मुलीला शिकवायला मास्तर घरी येत. लांबू टेबल पुसता पुसता ऐकायची. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक यायची.

एका दुपारी ती टपरीवर आली. हातात साबणाची वडी, वडीवर किल्लीचा ठसा. मी हादरलो. असा ठसा मालकाच्या नकळत दुसरी किल्ली करायला घेतात, हे प्रत्येक किल्लीवाल्याला ठाऊक असतं. पण काका घरचे, ते विचारणार नाहीत, असं तिला वाटलं.

"काका, एवढी किल्ली करून द्या ना. घरची हरवलीय."

"हरवली? मग साबण लावून अंघोळ कुणाला घातलीस?"

लांबू हसली नाही. काकांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे मोटारसायकल उभी होती.

"बंगल्याची किल्ली ना? त्याने सांगितलं?"

"किल्ली नाही नेली तर तो घरी येईल, काका."

काका उठले. त्यांनी बादलीत हात बुडवले आणि त्याच साबणाने हात धुवायला घेतले. ठसा पुरता जाईपर्यंत ते चोळत राहिले.

"त्याला म्हणावं, म्हाताऱ्याला वेड लागलंय, त्याने साबण संपवला. भांडायचं तर माझ्याशी भांड."

मग अध्यक्षांना न विचारता त्यांनी मला उघडलं.

"हे बघ पोरी, मला बेरजेपुढे काही येत नाही. झाडता येतं, दिवा लावता येतो. बस आत."

लांबू आत बसली आहे. काकांनी मला मुठीत घट्ट धरलंय. मोटारसायकल अजून गेलेली नाही, आणि पलीकडून अध्यक्ष तणतणत येताना दिसताहेत.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवू नका, तेलही घालू नका. तुमच्या घरात कुणाला गणित येत असेल, तर त्यांना संध्याकाळी तासभर इकडे पाठवा. आत शिकवणारं कुणी दिसलं नाही, तर अध्यक्ष मला काकांच्या हातातून काढून घेऊन पुन्हा दाराला लावतील. मग लांबू बाहेर येईल, आणि बाहेर तो उभाच आहे.