आग्याचा पाला

आमच्या अकोल्याच्या डोंगराकडं आग्याला कुनी मुद्दाम हात लावीत न्हाई. पान नुसतं घासलं तरी अंगाची लाही लाही हुती, गांधी उठत्यात. पन हाताला फडकं गुंडाळून कवळी पानं खुडावी, उकळत्या पान्यात टाकावी, की सगळी आग जाती. मंग लसूण-मिरचीवर परतायची. माज्या सासूनं शिकवली ती भाजी. बधिर हातापायाला त्योच पाला हिरवा मारायचा, हे बी तिनंच शिकवलं.

अंगावरून वारं गेलं तवापासनं आमच्या मालकांचा डावा हात मेल्यावानी पडलाय. डाक्टरच्या गोळ्या चालू हायेत, पन हाताला काय लागल्यालं कळत न्हाई. पोरगा मच्छिंद्र नगरजवळ नागापूरला कंपनीत कामाला. त्यो म्हनला, "आये, दिवाळीपस्तोर हाताला कळायला लागलं तर ठीक. न्हाईतर म्हसरं इकून माज्याकडं यायचं." पोरगं वाईट न्हाई माजं. पन त्या दिवशी मालकांनी भाकर खाल्ली न्हाई.

मंग मी रोज आग्या आनायला लागले. ते तोंड भिताडाकडं करायचे, मी मनगटावर पाला मारायचे.

"लागतंय का वं?"

"जरा जरा लागतंय गं."

मी यडी देवाला नारळ बोलून बसले!

एक दिवस पाला उचलला आन् दारात म्हैस वरडली. माजा हात वरच राहिला. पाला टेकला बी न्हाई, तवर मालक कळवळले, "आई गं! लई झोंबलं आज!"

असा संताप आला म्हनता! एवढं खोटं, आन् माज्याशी? चांगलं खडसावनार हुते. पन त्यांच्या पाठीकडं बघितलं. मार खानाऱ्या पोरावानी आक्रसून बसले हुते. हितून हलायचं न्हाई, एवढंच हुतं त्यांच्या मनात. "बरंय," मी म्हनले आन् चुलीम्होरं जाऊन पोटभर रडले.

दिवाळीला मच्छिंद्र आला त्यो टेम्पो घेऊनच. "बाबा, तोंड फिरवा. आज मी बघतो," म्हनला. हाताला फडकं गुंडाळून त्यानं पाला उचलला.

मालकांनी तोंड भिताडाकडं केलं. मी उठले, टोपलीतली एक फांदी फडक्याबिगर सैल मुठीत घेतली आन् भिताडापाशी, त्यांच्या डोळ्याम्होरं जाऊन उभी राहिले. पोरगा लबाड, मुद्दाम थांबला. मालकांचं तोंड उघडाय लागलं, तशी मी हळूच मान हलवली. ते गप झाले. मंग पोरानं पाला मारला आन् मी मूठ आवळली. आग पार मस्तकात गेली.

"आई गं, मेलो!" मालक माज्याकडं बघत वरडले.

मच्छिंद्रच्या डोळ्यांत पानी आलं. "आये, हात आला की गं!" म्हनला. भाजी-भाकर खाऊन, रिकामा टेम्पो घेऊन गेला बिचारा.

मी मालकांचं ताट वाढलं. त्यांनी उजव्या हातानं माजी मूठ उघडली. सगळा तळवा गांधींनी भरला हुता.

"रतन, तुला कवापासनं ठावं हाय?"

"भाजी गार हुती. खावा आता."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात आग्याची भाजी धरली आन् पहिला घास माज्या तोंडाशी आनला.

"तुज्या हातानं आज जेवता येनार न्हाई," म्हनले.