वजन उचलू नका

कंपनीत त्याला सगळे पिक्चर म्हणायचे. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात पंधरा वर्षं घातलेला, कामात तरबेज माणूस, पण तोंड उघडलं की पिक्चर. त्यातही प्रेमकथा, घरगुती रडारड त्याला वर्ज्य. हाणामारीचे, कॉमिकमधल्या वीरांचे आणि खेळाचे, हे तीनच त्याच्या लेखी पिक्चर. बाकी सगळं म्हणजे हलणारे फोटो.

मोठ्या मिस्त्रींना त्याची मतं तोंडपाठ होती, कारण त्यांची कुठूनच सुटका नव्हती. पिक्चर त्यांच्या हाताखाली काम करायचा आणि वर त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. कामावर मिस्त्री त्याला अरे-तुरे करायचे. घरी गेलं की तोच माणूस जावई म्हणून 'तुम्ही' व्हायचा. पिक्चर मात्र दोन्हीकडे त्यांना दादा म्हणायचा आणि दोन्हीकडे तितकंच बोलायचा.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दोघं चौदा मजली इमारतीच्या जिन्याने खाली उतरत होते. लिफ्टच्या खड्ड्यातला, वजनाखालचा धक्का झेलणारा दांडा खिळखिळा झाला होता, त्याचे बोल्ट बदलायचे होते. लिफ्टच्या खोलीला तोलून धरायला दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन असतं. खोली वर गेली की ते खाली येतं. म्हणून खड्ड्यात उतरण्याआधी गच्चीवरच्या मशीनरूममधला मुख्य स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हा या धंद्यातला पहिला धडा.

"कॉमिकवाल्यांचं एकच चुकतं, दादा," पिक्चर सांगत होता. "माणूस मेला की पुढच्या भागात परत येतो. मी पहिल्या भागात रडलो होतो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या भागात हा हजर. तिकिटाचं जाऊ द्या, माझ्या रडण्याचं काय?"

"परत माग," मिस्त्री म्हणाले.

तळमजल्यावर आल्यावर त्यांनी पिशवी उघडली आणि कुलूप पिशवीतच राहिलेलं त्यांना दिसलं. वर स्विच पाडला होता, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली होती, पण कुलूप घातलं नव्हतं. मिस्त्रींचं वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघे गेली चार वर्षं कुरकुरत होते.

पिक्चरनेही कुलूप पाहिलं. "मी जाऊन घालून येऊ?"

"पाटी लावलीय. दहा मिनिटांचं काम आहे. उतर."

पिक्चर उतरला. खड्ड्यात भिंतीवर लिफ्ट जागीच थांबवायचं लाल बटण असतं, तेही ओल लागून दोन दिवसांपूर्वी जळालं होतं आणि नवीन यायचं होतं. मिस्त्री दाराशी बसून त्याला पाने देत होते. पाचवा बोल्ट काढायला पिक्चरने उजवा पाय दांड्यावर टेकवला, आणि मिस्त्रींना दोरांचा आवाज आला. तो आवाज त्यांनी तीस वर्षं ऐकला होता. त्याचा अर्थ कळायला क्षणही लागला नाही, पण तेवढ्यात वजन खाली आलं होतं.

झालं ते असं की पाटी वाऱ्याने पडली, आणि कामावर नवीन आलेल्या वॉचमनने लिफ्ट बंद का म्हणून वर जाऊन स्विच चढवला. चौदाव्या मजल्यावरच्या कुणीतरी बटण दाबलं. त्या दोघांचंही काही चुकलं नव्हतं. कुलूप घालणं मिस्त्रींचं काम होतं.

पिक्चरची मांडी वजनाच्या चौकटीखाली, दांड्यावर चेपली गेली होती. तो ओरडला नाही. "दादा, पाय," एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकला.

मिस्त्रींनी खाली आलेल्या वॉचमनच्या हाती कुलूप दिलं, त्याला स्विच पाडून, कुलूप घालून किल्ली आणायला पळवलं आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. फोनवर एक डॉक्टरबाई आल्या. मिस्त्री त्यांना सांगत होते की वर जाऊन चाक हाताने फिरवलं तर वजन दहा मिनिटांत उचलता येतं, मी आत्ता निघतो.

"थांबा," बाई म्हणाल्या. "रक्त किती येतंय?"

"झिरपतंय. फार नाही."

"म्हणजे वजनानेच नस दाबून धरलीय. तुम्ही वजन उचललंत तर सगळं रक्त जाईल, आणि मग मी येऊन काही उपयोग नाही. पट्टा असेल तर मांडीला जितका वर बसेल तितका आवळा. पण वजन उचलू नका. आणि त्यांना झोपू देऊ नका, बोलतं ठेवा."

"किती वेळ लागेल?"

"पुलावर ट्रक उलटलाय. आम्ही दुसऱ्या रस्त्याने येतोय." वेळ त्यांनी सांगितली नाही.

मिस्त्री खड्ड्यात उतरले. पट्टा आवळला. पिक्चरचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. ज्या माणसाला गप्प बस म्हणता म्हणता वर्षं गेली होती, त्याला आता बोलतं ठेवायचं होतं, आणि मिस्त्रींना शब्द सुचेना. शेवटी त्यांनी बहिणीचा विषय काढला. ती काय करत असेल आता, असं विचारलं.

ती मोठी चूक झाली. पिक्चरचे डोळे भरून आले. "तिला सांगा," तो म्हणाला, "कपाटाच्या वरच्या कप्प्यात सगळे कागद आहेत. पोरीला पोहायला घाला, तिला भीती वाटते. आणि तिला म्हणावं..." तो एकेक निरोप देत सुटला, आणि प्रत्येक निरोपाबरोबर त्याचा आवाज हलका होत गेला. निरोप संपले की हा माणूस मोकळा होणार आणि जाणार, हे मिस्त्रींना स्वच्छ दिसलं.

"ते राहू दे," ते मध्येच म्हणाले. "मला एक सांग. खेळाचे पिक्चर तू बघतोस तरी कशाला? सगळे सारखेच. शेवटच्या मिनिटाला गोल, मग नाचानाच."

पिक्चरचे डोळे मिटू लागले. मिस्त्रींनी त्याच्या गालावर चापट मारली. "खोटं बोलतोय का मी?"

"तुम्हाला काही कळत नाही, दादा."

"मग सांग की."

"गोल शेवटी नसतो." श्वास घ्यायला तो थांबला. "मध्यंतरात असतो. कपडे बदलायच्या खोलीत. अकरा जण हरून बसलेत. कुणी कुणाकडे बघत नाही. एक जण बुटाची नाडी बांधतोय. बांधलेली सोडतो, परत बांधतो. तो पिक्चर. खेळ काय, मैदानावर फुकट दिसतो."

"आणि प्रशिक्षक भाषण ठोकतो ते?"

"भाषण आलं की पिक्चर पडला. चांगला प्रशिक्षक पाण्याच्या बाटल्या वाटतो. बास."

मिस्त्रींना त्याला बोलतं ठेवायची किल्ली सापडली होती. प्रेमाने विचारून उपयोग नव्हता, याला डिवचायला हवं होतं. ते आयुष्यात कधी बोलले नव्हते असं अद्वातद्वा बोलू लागले. हाणामारीच्या पिक्चरमध्ये हिरोने एका वेळी पन्नास जणांना लोळवलं तर काय बिघडलं, असं विचारलं. पिक्चर चिडला. पहिल्या मारामारीत बरगडी मोडली तर दुसऱ्या मारामारीत ती दुखायला हवी, म्हणाला, नाहीतर ती मारामारी नव्हे, कवायत. लिफ्टचा दोर तुटून खोली कोसळते ते मला आवडतं, असं मिस्त्री म्हणाले. त्यावर त्याने डोळे उघडले. "सहा दोर असतात. तुम्ही मिस्त्री आहात. लाज वाटत नाही?"

"नाही वाटत," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पाऊण तास गेला. पिक्चरचे हात गार पडले होते. वॉचमन दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जायचा आणि रिकामा परत यायचा. मिस्त्री मनातल्या मनात जिने मोजत होते. वर जायचं, चाक फिरवायचं, सोडवायचं. तीस वर्षं हात जे काम शिकले होते तेच आता करायचं नव्हतं. वजन डोळ्यांसमोर होतं आणि ते तिथेच राहू देणं हाच उपाय होता. एकदा त्यांनी दोन्ही हातांनी ती चौकट धरूनही पाहिली. जणू ती त्यांच्या हातांनी हलणार होती.

"कॉमिकवाल्यांचं मला पटतं बघ," ते म्हणाले. "माणूस मेला की परत आणावा. त्यात काय वाईट?"

पिक्चर अगदी हळू म्हणाला, "आता मलाही पटतंय."

मिस्त्रींनी त्याला घट्ट धरलं आणि जे तोंडात येईल ते बडबडत राहिले. न पाहिलेल्या पिक्चरच्या गोष्टी सांगितल्या, एकातला हिरो दुसऱ्यात घुसवला. पिक्चर कधी हुंकार द्यायचा, कधी नाही.

एक तास चाळीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली. फोनवरच्या डॉक्टरबाई खड्ड्यात उतरल्या. लहान चणीची, केस आवळून बांधलेली बाई. त्यांनी पिक्चरच्या दोन्ही हातांत सुया लावल्या, मांडीच्या मुळाशी वेगळा पट्टा आवळला आणि विचारलं, "वजन कोण उचलणार? मला चार बोटं वर हवंय. हळू. आणि ते परत खाली येता कामा नये."

कंपनीची दुसरी माणसं पुलापलीकडेच अडकली होती. मिस्त्रींशिवाय कुणाला ते जमणार नव्हतं. ते उठायला लागले तसा पिक्चरने त्यांचा शर्ट धरला.

"दादा, जाऊ नका."

"जावई, मला जायला लागतंय."

"दुसरं कुणी तरी पाठवा."

मिस्त्रींनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. ते त्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. पुढे कुणी काही विचारलं तरी ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

चौदा मजले. सहाव्यापर्यंत ते पळाले, नवव्यावर कठडा धरून उभे राहिले, अकराव्यावर हातांनी पायऱ्या चढले. मशीनरूममध्ये पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. खाली वॉचमन फोन धरून उभा होता. मिस्त्रींनी एका हाताने ब्रेक सोडवायचा दांडा दाबला, दुसऱ्याने चाक धरलं.

"आता," बाईंचा आवाज आला.

त्यांनी चाक फिरवलं. खोली आणि वजन यांचा तोल असा असतो की चाक थोडं फिरलं की आपणच ओढ घ्यायला लागतं, त्याला रोखून धरावं लागतं. एक बोट. दोन. फोनमधून पिक्चरची किंकाळी आली. दोन तासांतली पहिली. मिस्त्रींचे हात थांबले नाहीत. तीन. चार. "बास," असं कुणीतरी म्हणालं आणि फोन बंद पडला.

त्यांनी ब्रेक लावला. तो ब्रेक त्यांनी स्वतः गेल्या महिन्यात तपासला होता, तरी त्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. दोन्ही हातांनी चाक धरून ते उभे राहिले. खाली काय चाललंय, माणूस आहे की गेला, काही कळायला मार्ग नव्हता. वीस मिनिटांनी वॉचमन धापा टाकत वर आला तेव्हा त्यांची बोटं चाकावरून सुटेनात.

"नेलं त्यांना," वॉचमन म्हणाला.

"बोलत होता?"

"डोळे मिटलेले होते."

दवाखान्याच्या वरांड्यात बहीण बाकावर बसली होती. कामावरून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र. भावाला पाहून ती उठली आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकवून रडली. "आत नेताना शुद्धीवर होते, दादा," ती म्हणाली. "मला म्हणाले, माझंच चुकलं, कुलूप मीच विसरलो."

मिस्त्रींनी तिला बाजूला केलं. हे आत्ताच सांगायला हवं होतं, नाहीतर पुन्हा कधी धीर झाला नसता.

"कुलूप मी घातलं नाही. तो जातो म्हणाला होता. मीच नको म्हटलं."

"का?"

"गुडघे दुखत होते. आणि तो जाऊन येईपर्यंत कशाला थांबायचं, असं वाटलं."

बहीण पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. संध्याकाळी सर्जन बाहेर येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून होते. सर्जनने सांगितलं की जीव वाचला, पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

चौकशीत पिक्चरने तेच खोटं पुन्हा सांगितलं. मिस्त्रींनी ते खोडून काढलं आणि खरं काय ते लिहून दिलं. त्यांचा लिफ्टच्या कामाचा परवाना गेला. पिक्चरला कंपनीने बसून करायचं काम दिलं, सर्किट दुरुस्तीचं. पण तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. कृत्रिम पाय बसवून मिळायला सात-आठ महिने लागणार होते.

म्हणून मिस्त्री रोज सकाळी जायचे, त्याला पाठीवर घेऊन खाली उतरवायचे आणि संध्याकाळी पुन्हा वर चढवायचे. नको म्हणून पिक्चर पहिल्या दिवशी भांडला, मग गप्प झाला. त्याचं बोलणंच कमी झालं होतं. पिक्चरला जाऊ या का, असं मिस्त्रींनी दोनदा विचारलं. त्याने मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

बहीण दार उघडायची, बाजूला व्हायची, दार लावायची. दोन महिने झाले तरी ती भावाशी बोलत नव्हती. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिस्त्रींचा गुडघा वाकला आणि ते पिक्चरसकट भिंतीवर आदळले. कुणाला लागलं नाही. पण ते तसेच भिंतीला टेकून थांबले.

वर दार उघडलं. बहीण खाली आली. तिने नवऱ्याचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा भावाच्या खांद्यावर राहू दिला.

"धर नीट," ती भावाला म्हणाली.

तिघं मिळून उरलेल्या पायऱ्या चढू लागले.