माझी कुलपातून सुटका

मी एक जुना फिरता करंडक आहे. पितळेचा. एक कान डाक लावून पुन्हा जोडलेला, पोटाला पोचा पडलेला. पण मित्रांनो, माझं बरं चाललं आहे.

१९९४ साली नाशिकच्या तांबट आळीत सावळीराम नावाच्या कारागिराने मला ठोकून घडवलं. शाळाशाळांमधली इंग्रजी वाक्प्रचारांची स्पर्धा तेव्हा नवीन होती. चिठ्ठी उचलायची, अर्थ लिहायचा आणि वाक्यात उपयोग करून दाखवायचा. जिंकेल त्या शाळेत मी वर्षभर राहायचं. पहिल्या दोन वर्षांत मी सिन्नर पाहिलं, कळवण पाहिलं. मुलं मला डोक्यावर घेऊन नाचली. नावच फिरता, तेव्हा फिरण्यातच मला सुख होतं.

मग देवळालीकडच्या एका मोठ्या शाळेने मला लागोपाठ दोनदा जिंकलं. कौतुक एक दिवस झालं, नंतर काचेचं कपाट आणि कुलूप. मी हिरवा पडू लागलो. नियम असा होता, की सलग तिसऱ्यांदा जिंकणाऱ्या शाळेकडे करंडक कायमचा राहील. १९९८च्या स्पर्धेत मला टेबलावर मांडलं, तेव्हा मला पुन्हा ते कुलूपच दिसू लागलं.

शेवटी दोघं उरली. त्या शाळेचा कुंदन, फाडफाड इंग्रजी बोलणारा. आणि पेठकडच्या आश्रमशाळेतली आशा. परीक्षक लताबाईंनी दोघांना एकच वाक्प्रचार दिला, 'हेड अँड शोल्डर्स अबव्ह'. इतरांपेक्षा कितीतरी सरस असणे, हा अर्थ दोघांनीही बरोबर लिहिला. कुंदनने गाइडातलं वाक्य झोकात म्हटलं.

"आता मनाचं एक सांग," बाई म्हणाल्या. त्याने तेच वाक्य नाव बदलून म्हटलं.

आशाने अडखळत इंग्रजीत सांगितलं, की भात लावण्यात माझी आई सगळ्या बायकांपेक्षा 'हेड अँड शोल्डर्स अबव्ह' आहे.

"कशावरून गं?"

"बाई, आवणीत तिची रोपांची वळ आधी सरते. मंग ती बसून नाय राहत. मागं रायलेलीच्या वळीत शिरते."

लताबाईंनी मला उचलून आशाच्या हातात दिलं. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. आणि हेही सांगायला हवं, मला एसटीपर्यंत कुंदननेच उचलून नेलं. पोटाचा पोचा त्याच एसटीत पडला. मला त्याचं काही वाटलं नाही.

चार दिवसांनी आशाची आई भागीबाई मला बघायला शाळेत आली. पदराला हात पुसून तिने मला उचललं.

"हे आता आपलंच का?"

"नाय आये, वर्षानं परत द्यायचं."

"मंग बरं हाय. दुसऱ्या पोरांनीबी हातात धरलं पायजे ना."

पुढे तो सलग तीनचा नियमच काढून टाकण्यात आला. मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादा करंडक कपाटात असेल. त्याचं कुलूप काढा, त्याला चिंचेने घासा, आणि जो हरला त्यालाही एकदा हातात धरू द्या.