काळ्या चेंडूचा कोन

सयाजीनं स्नूकरवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यानं स्नूकरची काठी जेमतेम दोनदा हातात धरली होती. पण चाकणच्या कंपनीत बत्तीस वर्षं मालाची तपासणी केलेला माणूस तो. मोजल्याशिवाय ह्यांनी कधी भाकरीसुद्धा पास केली नाही, असं त्याची बायको रंभा म्हणायची. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यानं चेंडूंचे कोन मोजले, मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके मोजले आणि 'स्नूकर: कोन, श्वास आणि नाडी' हे पुस्तक स्वतःच छापून घेतलं. त्याच्या दोनशे प्रती आठ महिने पलंगाखाली पडून होत्या. एकानंही पान उलटलं नव्हतं, आणि ते सयाजीच्या फार मनाला लागलं होतं.

रंभाचा धाकटा भाऊ भैरू गावातच स्नूकर पार्लर चालवायचा. जमीन एमआयडीसीत गेली, जनावरं विकली, तेव्हा त्यानं रिकाम्या गोठ्यात टेबल मांडलं आणि नजरेच्या अंदाजानं पायांखाली पाचरी ठोकल्या. त्या टेबलावर त्याला अजून कुणी हरवलं नव्हतं, वाकडच्या आयटीतल्या पोरांनीही नाही. गड्याला तोरा तर केवढा!

"दाजी," तो म्हणाला, "रविवारी समद्यांम्होरं तुमच्या पुस्तकापरमानं काळा चेंडू पॉकेटात घालवा. तीन खेपा देतो. गेला तर समदी पुस्तकं हितं काउंटरवर ठेवतो. न्हाई गेला तर रद्दीत."

रविवारी दुपारी वीसेक माणसं जमली. सयाजीनं पान एक्केचाळीस उघडलं, कोनमापक लावला, श्वास रोखला, नाडीच्या दोन ठोक्यांमधली फट साधली आणि काठी मारली. काळा चेंडू सरळ निघाला आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन खिडकीच्या अंगाला कलला. दुसऱ्या खेपेलाही तेच. नाडी वाढल्याचा इशारा देत घड्याळ मनगटावर थरथरायला लागलं.

"दाजी, आधी पुस्तकाची नाडी बघा!" भैरू ओरडला आणि गोठाभर हशा पिकला.

कंपनीत सयाजीचा एक नियम होता: माल बसत नसेल तर तो ठेवलाय कशावर ते आधी तपासा. त्यानं पिशवीतून पातळी बघायची छोटी पाणसळ काढून टेबलाच्या काठावर ठेवली. बुडबुडा दाराच्या बाजूला, म्हणजे उंच अंगाला, जाऊन बसला तो हलेचना.

पाणी घेऊन आलेली रंभा त्याच्या कानाशी पुटपुटली, "अवो, खिडकीखाली नाली व्हती. गोमूत्र वाहून जावं म्हणून आबांनी फरशीला मुद्दाम ढाळ दिला व्हता. म्या हितंच धारा काढल्यात."

सयाजीनं तोंड उघडलं, तोच भैरू दुसऱ्या कानाशी आला. "दाजी, पाया पडतो. बोलू नका, गिऱ्हाईक जाईल. पुस्तकं ठेवतो ना!"

आली का पंचाईत! बोलावं तर मेव्हण्याचं नाक कापलं जाणार, न बोलावं तर आयुष्यात पहिल्यांदा खोटा माल पास होणार. सयाजीनं पाणसळ पिशवीत परत टाकली. त्यानं पुस्तक तसंच उघडं ठेवलं आणि पुस्तकाच्या कोनापेक्षा दोन बोटं दाराकडं नेम धरला. चेंडू ठणकन पॉकेटात गेला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. भैरूनंही शब्द पाळला आणि गठ्ठे काउंटरवर आणून ठेवले. पुस्तकं भराभर उचलली गेली, लोक खरोखर पानं उलटत होते. सयाजीला अगदी रडू येईलसं झालं.

वाकडचा एक चष्मेवाला पोरगा प्रत घेऊन पुढं आला. "सर, सही?"

सयाजीनं सही केली. सवयीनं खाली 'तपासले, ठीक' असंही लिहून गेला, आणि हात तिथंच अडला. त्या दोन शब्दांखाली त्यानं कधी खोटं खपवलं नव्हतं. भैरू डोळे वटारून बघत होता. सयाजीनं मान खाली घातली आणि त्या शब्दांच्या आधी बारीक अक्षरात घातलं: 'सपाट टेबलावर'.

पोरानं ते दोनदा वाचलं. मग टेबलाच्या मधोमध पांढरा चेंडू अलगद ठेवून हात काढला. चेंडू रमतगमत खिडकीकडं निघाला.

"आक्का," भैरू किंचाळला, "आवर तुझ्या नवऱ्याला!"

"बत्तीस वर्सं कंपनीला आवरला न्हाई," रंभा पदरात हसत म्हणाली, "मला काय आवरतोय!"