पिठातलं विरजण

बैल चाऱ्याच्या छावणीत गेले, त्यांच्यामागं हेही गेले. शेवगावच्या अलीकडं आमची चार घरांची वस्ती. त्या दुष्काळात तिथं दुभतं म्हणून गोजरआत्याची एक शेळी तेवढी उरली होती.

तापाच्या गोळ्यांनी माझ्या पुष्पावतीचं पोट बिघडलं, ते थांबेना. दोन वर्षांची पोर, उचलली की वाळलेल्या कापडासारखी हलकी लागायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "दह्यात डाळिंबाची साल उगाळून द्या." साल घरात होती, पण नुसती दिली की थुंकायची. आणि दही लावायला वस्तीवर विरजणच नव्हतं. चिंच टाकून पाहिली, तर दूध फाटलं. शेवटी छावणीकडं जाणाऱ्या एकाजवळ ह्यांना विरजणासाठी निरोप धाडला.

पाचव्या दिवशी श्रीमंतदादा आले, ह्यांचे थोरले चुलतभाऊ. पिठाचा मुठीएवढा गोळा उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "सूर्यभाननं पोरीसाठी दिलाय," आणि निघाले. थोरल्यांशी मी बोलत नसे. पदर पुढं ओढला, विचारायचं राहिलं. वाटलं, विरजण मिळालं नसेल, म्हणून खाऊ धाडला. गोळा भाजायला चुलीतल्या आरावर ठेवला.

गोजरआत्या दूध घेऊन आली. "काय भाजतीस गं?"

"ह्यांनी धाडलेला गोळा."

"आगं, विरजण आसंल त्यात. माझ्या माहेरावरनं आसंच यायचं. दह्यात फडकं बुडवून सावलीत वाळवायचं, वरनं पीठ थापायचं. उघडं आणलं तर उन्हानं मरतं ते."

मी हातानंच गोळा ओढून काढला. वरून काळा, फोडला तर आत गरम. पण अगदी मधलं पीठ अजून कच्चं, गार होतं. त्यात बोटभर फडकं, आंबट वासाचं.

"चुलीतल्या शेन्या इझत आल्या हुत्या म्हून वाचलीस," आत्या म्हणाली. "दादल्यानं धाडलं, बायकूनं भाजलं. कुनाला सांगू नगंस."

कोमट दुधात फडकं सोडलं, वाटी घोंगडीत गुंडाळली. सकाळी दही लागलं होतं, पातळ, पण लागलं होतं. साल उगाळून त्यात कालवली. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

चौथ्या दिवशी तिनं आपण होऊन भाकरी मागितली. ती गोष्ट ह्यांना सांगावीशी फार वाटली, पण छावणीकडं जाणारं कोणी नव्हतं. उद्याच्या विरजणाला चमचाभर दही काढून ठेवलं. गोळ्याच्या करपलेल्या तुकड्यावर ह्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो तुकडा वाटीवर झाकण म्हणून ठेवला.