तुझ्यामुळे

तिने सुईत दोरा ओवायला घेतला, तेवढ्यात नवऱ्याने रिकामा कप शिलाई मशीनच्या कडेला ठेवला आणि म्हणाला,

"थँक्यू."

दोरा सुईच्या बाजूने निसटला. तिने चष्म्यावरून वर पाहिलं.

"कशाबद्दल?"

"चहाबद्दल. छान झाला होता."

एवढं बोलून तो चपला घालून बाहेर पडला. ती ओला दोरा चिमटीत धरून तशीच बसून राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने चहा नुसता प्यायला होता. साखर राहिली तर कप पुढे सरकवायचा, नीट असला तर उठून जायचा. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. वंगण, पाना-पक्कड आणि अंधार यांच्याशी बोलावं लागत नाही, ती सवय घरीही टिकली. निवृत्त झाल्यावर तर घरात आहे की नाही तेही कळायचं नाही.

पुढे प्रकरण वाढतच गेलं. बटण लावून दिलं, थँक्यू. भाजीत मीठ जास्त पडलं तर ताटावरून हूं की चूं नाही, उलट, "दमली असशील." एका दुपारी तर त्याने तिच्या मशीनभोवतीच्या चिंध्या आपणहून झाडून काढल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत, पाठ केल्यासारखं म्हणाला,

"तू आहेस म्हणून माझं चाललंय."

तिने बहिणीला फोन लावला.

"एकटे डॉक्टरकडे जाऊन आले का?" धाकटीने विचारलं.

"नाही. धडधाकट आहेत."

"मग घर विकायचं मनात असेल. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"मी काही बोलत नाही, बाई. पण तुझा नवरा आणि गोड बोलतो? डोळे उघडे ठेव."

तिने ठेवले. धुवायला टाकलेले शर्ट हुंगून पाहिले. साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. औषधांचा डबा पाहिला, जुनंच मलम. एकदा भाजीची पिशवी घेऊन ती त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेली, तर तो बागेच्या कठड्याशी एकटाच उभा होता आणि ओठ हलत होते. जप करणाऱ्यांतला तो नव्हता. ती भाजी न घेताच परतली, आणि पिशवी रिकामी का, हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

मग एका सकाळी न्हाणीघराच्या दाराआडून आवाज आला. नळ सुरू होता, पण तेवढ्याने शब्द बुडत नव्हते.

"तुझ्यामुळे झालं माझं सगळं. कधी बोललो नाही." जरा थांबून, आणखी हळू, "तुझ्यामुळे..."

ती कापड बेतत होती. तशीच उठून दाराशी जाऊन उभी राहिली. कडी निघाली. तोंड पुसत बाहेर आलेला नवरा तिच्या हातातली कात्री बघून उंबऱ्यातच थांबला.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्यामुळे तुमचं सगळं झालं."

त्याने टॉवेल खाली केला. "दादा," तो म्हणाला.

मग तो स्टुलावर बसला आणि खाली मान घालून बोलू लागला. दोघे भाऊ एकाच लिफ्टच्या कंपनीत काम शिकायला, उमेदवारीवर होते. कंपनी त्यांतल्या एकालाच ठेवणार होती. दादाने साहेबांना सांगितलं, मला उंचावर चक्कर येते, आणि सोडून गेला. पुढे आयुष्यभर बेकरीची गाडी चालवली.

"चक्कर त्याला कधीच येत नव्हती. गच्चीच्या कठड्यावरून चालायचा तो. मला ठाऊक होतं."

"मग आता काय झालं?"

"मागच्या खेपेला गेलो, तर त्याने दोनदा विचारलं, आपण कोण." तो टॉवेलची घडी घालत राहिला. "अजून ओळखतोय तोवर बोलायला हवं ना. आणि माझी तर जीभच वळत नाही. म्हटलं, घरच्या घरी आधी जरा..."

"म्हणजे माझ्यावर हात साफ करून घेत होतात तुम्ही."

तिला हायसं वाटलं आणि लागलंही. जास्त काय, ते तिलाच ठरवता येईना. ती कात्री घेऊन कापडाकडे वळली आणि सरळ रेषेत कापायचं ते वाकडं कापून बसली.

रविवारी दोघं दादांकडे गेली. दादा खिडकीशी खुर्चीत होते. "आलास?" म्हणाले, म्हणजे दिवस चांगला होता. नवरा गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसला. तिला तिथेच थांबायचं होतं. तो खरंच बोलतो का, ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. पण जाऊबाईंनी खुणेने आत बोलावलं.

स्वयंपाकघरात जाऊबाई भांडी विसळत होत्या. बाहेरून त्याचा अडखळता आवाज येत होता. "दादा, तुझ्यामुळे..." मग दादांचं खाकरणं.

"काहीतरीच काय. मला चक्कर यायचीच."

"दादा, तू कठड्यावरून..."

"यायची म्हणतो ना!"

जाऊबाईंचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. ती त्या हाताकडे बघत राहिली. पहाटे गाडी निघायच्या आधी डबा भरून देणारा हात. बोटांच्या पेरांवर गाठी आलेल्या. आपल्या घरी आलेली सुखाची नोकरी या घरातून उठून आली होती. या बाईने कधी टोमणासुद्धा मारला नव्हता. आजवर तिला वाटायचं, जाऊबाई जरा घुम्याच आहेत.

काहीतरी बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलं. तिचीही जीभ वळेना. एवढ्यासाठीच तो किती दिवस धडपडत होता, आणि आपण कात्री घेऊन उभ्या राहिलो होतो!

तिने पुढे होऊन जाऊबाईंच्या हातातलं पातेलं धरलं.

"तुम्ही बसा. मी करते."

जाऊबाईंनी पातेलं सोडलं नाही. ओल्या हातांनी ते घट्ट धरून त्यांनी तिला नीट निरखून पाहिलं.

"का गं?" त्या म्हणाल्या. "काय काम काढलंयस?"